व्ही, के, बी, झेड म्हणजे आई

निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं. एवढं वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काही उभं राहिलं असेल, तर तुम्ही शाळेत किंवा कॉलेजात टर्बो सी प्लस प्लस शिकला आहात, हे मी पैजेवर सांगते. नाही उभं राहिलं? मग दुसरी खूण देते. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक बारीक आडवी रेघ, आणि घरात कुणीतरी ओरडून सांगतंय, "फ्लॉपी काढल्याशिवाय बंद करू नकोस!" तेही नाही? मग पेंटमधली रंगाची बादली तरी नक्की आठवत असेल. आकृतीत कुठेतरी टिंबाएवढी फट राहिलेली असायची, बादली ओतली की झोपडीबरोबर डोंगर, नदी आणि सूर्य, सगळंच लाल. आता हसलात ना!

प्रत्येकाचं 'जुनं सॉफ्टवेअर' वेगळं असतं. माझ्या काकांचं वर्डस्टार. मामाचं फॉक्सप्रो, कारण त्यानं त्यात एका औषधाच्या दुकानाची बिलं बनवणारा प्रोग्रॅम लिहिला होता आणि ते दुकान पुढे कित्येक वर्षं त्यावरच चाललं. माझ्या भावाचं फ्लॅशमधले गेम. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश अधिकृतपणे बंद झालं तेव्हा त्यानं स्टेटसला मेणबत्ती ठेवली होती. मी इंग्रजी साहित्यात बी.ए. केलेली मुलगी. मला खरं तर या विषयात बोलायचा अधिकार नाही. पण दिवसभर कीबोर्ड बडवून पोट भरणाऱ्या माणसाला आपल्या हत्यारांबद्दल मत असणारच. सुताराला रंध्याबद्दल असतं तसं.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. जुन्या सॉफ्टवेअरची आठवण काढणारी माणसं वेगाबद्दल कधीच बोलत नाहीत. ती बोटांबद्दल बोलतात.

वर्डस्टारचंच बघा. हे लिहिण्याचं सॉफ्टवेअर १९७८ मध्ये आलं. तेव्हाच्या अनेक कीबोर्डांवर बाणांच्या कळाच नसायच्या. म्हणून कंट्रोल दाबून ई म्हणजे वर, एक्स म्हणजे खाली, एस डावीकडे आणि डी उजवीकडे. कीबोर्डकडे पाहा, या चार कळा हिऱ्याच्या आकारात बसल्या आहेत. हात जागचा हलायचा नाही. कंट्रोल, के आणि एस दाबलं की फाइल सेव्ह. मजकुराचा तुकडा उचलायचा तर आधी सुरुवातीला खूण, मग शेवटाला खूण, मग खुशाल पाच पानं पुढे जा, तिथलं काही दुरुस्त करा, आणि हवं तेव्हा तो तुकडा आणून ठेवा. माउस नाही, मेनूची शोधाशोध नाही. माझे काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आजही त्यांना "काका, सेव्ह कसं करायचं?" असं विचारलं की ते आधी टेबलावर बोटं चालवतात आणि मग सांगतात. आठवण डोक्यात नाही, बोटांत आहे.

'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका ज्यांच्या पुस्तकांवरून निघाली ते जॉर्ज आर. आर. मार्टिन त्यांची ती जाडजूड पुस्तकं वर्डस्टार ४.० मध्येच लिहितात. डॉसवर चालणारा एक जुना संगणक त्यांनी त्यासाठी वेगळा ठेवला आहे, त्याला इंटरनेटही नाही. २०१४ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमात त्यांनी याचं कारण सांगितलं. ते असं की, आपण लहान अक्षर टाइप करावं आणि यंत्रानं आगाऊपणे ते मोठं करावं, हे त्यांना खपत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे आपल्याला लागणार आहे. कॅनडाचे विज्ञानकथा लेखक रॉबर्ट सॉयर यांनी तर २०२४ मध्ये वर्डस्टारची शेवटची ७.० ही आवृत्ती, तिच्या पुस्तिका आणि ती आजच्या संगणकावर चालवायची साधनं असं सगळं गाठोडं बांधून लोकांसाठी फुकट ठेवलं. कंपनीच उरली नाही, पण वापरणारे उरले.

टर्बो सी प्लस प्लसची गोष्ट मात्र मी इतक्या प्रेमानं सांगणार नाही. अकरावीत मला तो विषय होता. पहिली ओळ, दुसरी ओळ, मग 'सीएलआरएससीआर' लिहून पडदा पुसायचा, शेवटी 'गेटसीएच' लिहायचं, नाहीतर उत्तर क्षणभर दिसून गायब. कंट्रोल एफ९ दाबलं की प्रोग्रॅम चालायचा, आल्ट एफ५ दाबलं की मागचा पडदा पुन्हा बघता यायचा. गंमत अशी, की बोर्लंड कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९० च्या आसपासचं, आणि सी प्लस प्लस भाषेचं पहिलं अधिकृत प्रमाण ठरलं १९९८ मध्ये. म्हणजे आमच्या वर्गात जी भाषा शिकवली जात होती ती प्रमाण ठरण्याआधीची बोली होती. नव्या विंडोजवर ती धड चालायचीही नाही, म्हणून डॉसबॉक्स नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात घालून चालवायची. भारतातल्या कितीतरी मुलांनी अशीच डब्यात डबा घालून प्रोग्रॅमिंगची सुरुवात केली आणि पुढे कंपनीत गेल्यावर पहिल्या महिन्यात निम्मं विसरून पुन्हा शिकली. तरीही त्यांच्यातल्या कुणाला तो निळा पडदा दाखवा, चेहरा लगेच मऊ होतो. माझाही होतो. वाईट शिक्षकही आठवतातच ना आपल्याला, आणि बऱ्याचदा चांगल्यांपेक्षा जास्त.

या निळ्या पडद्यात एक सुख मात्र होतं. त्याला कुंपण होतं. मेनू दहाएक, त्यात काय काय आहे ते महिनाभरात कळायचं, आणि एकदा कळलं की कळलं. रात्रीत अपडेट येऊन सकाळी बटण दुसरीकडे गेलेलं नसायचं. मी ज्या ऑनलाइन साधनात हा लेख लिहिते आहे, त्यातलं एक बटण या वर्षात दोनदा हललं आहे. माझ्या आईनं तर बँकेचं अॅप उघडताना "आज काय नवीन केलंय या लोकांनी?" असं म्हणायची सवयच लावून घेतली आहे. स्वयंपाकघरातले डबे कुणी न विचारता हलवले तर आपण काय म्हणू? तसंच.

इथपर्यंतची आठवण गोड आहे. पण मराठीत टाइप करणाऱ्यांना विचाराल तर गोष्ट थोडी वेगळी निघेल.

माझी आत्या इंदूरची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिनं रामबागेजवळ डीटीपीचं छोटं दुकान काढलं. लग्नपत्रिका, गणेशोत्सवाच्या स्मरणिका, श्रद्धांजलीची पत्रकं, शाळांचे पेपर. हिंदीत जास्त, मराठीत जमेल तितकं. पेजमेकर आणि कोरलड्रॉ ही तिची दोन हत्यारं आणि कृतिदेव हा फॉन्ट. पुण्या-मुंबईकडच्या दुकानांत तेव्हा श्रीलिपी, आकृती अशी नावं चालायची. हिंदी पट्ट्यात कृतिदेव. फॉन्ट कोणताही असो, सगळ्यांची युक्ती एकच होती, आणि ती युक्ती समजून घेण्यासारखी आहे.

तेव्हाच्या संगणकाला देवनागरी येतच नव्हती. त्याला इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं एवढंच कळायचं. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी काय केलं, तर इंग्रजी अक्षरांच्या खोल्यांत मराठी भाडेकरू ठेवले. खोलीवर पाटी 'डी'ची, आत राहतोय 'क'. 'ई'च्या खोलीत 'म'. 'के'च्या खोलीत काना. संगणक आपला पाटी वाचतो, फॉन्ट आतला माणूस दाखवतो. कृतिदेवात कोण कुठल्या खोलीत राहणार हे जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळांवरून ठरलं होतं, त्यामुळे टंकलेखन शिकलेल्या माणसाला ते लगेच जमायचं.

या हिशेबानं 'बाबा' हा शब्द संगणकाच्या लेखी असतो सी, के, सी, के. 'आई' असते व्ही, के, बी आणि मोठा झेड. त्यातला झेड म्हणजे रफार. कारण 'ई' म्हणजे डोक्यावर रफार घेतलेली 'इ', मग वेगळी कळ कशाला खर्च करा? 'घर' प्रश्नचिन्हानं सुरू होतं. 'एक' स्वल्पविरामानं. आणि 'पाणी' शब्दाच्या मधोमध इंग्रजी पूर्णविराम बसलेला असतो.

आता मार्टिनसाहेबांचं ते वाक्य आठवा. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करण्याची खोड वर्डला होतीच. इंग्रजीत त्यानं फार तर चिडचिड होते. इथे लहान 'डी' म्हणजे 'क' आणि मोठा 'डी' म्हणजे अर्धा 'क्'. म्हणजे 'कमळ' लिहायला जावं आणि पहिल्याच अक्षराचा पाय मोडावा! नव्या संगणकावर बसलं की ती सोय आधी बंद करायची, हा आत्याच्या दुकानातला पहिला नियम होता.

ही युक्ती कागदावर छापेपर्यंत उत्तम चालायची. पंचाईत व्हायची फाइल घराबाहेर पडली की. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल, तर त्याला दिसणार इंग्रजी अक्षरांची खिचडी. प्रत्येक फॉन्ट कंपनीनं भाडेकरू आपापल्या मर्जीनं ठेवलेले, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये टाकला की कवितेची शिवी व्हायलाही वेळ लागायचा नाही. म्हणून लोक ईमेलमध्ये लेखासोबत फॉन्टही जोडून पाठवायचे. पाहुणा जेवायला येताना स्वतःचं ताट घेऊन आल्यासारखं.

यावर उपाय शोधायचं काम त्याच काळात चालू होतं, आणि त्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट हे तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये जन्मलं आणि पुढे सी-डॅकमध्ये वाढलं. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण बनलं, १९९१ मध्ये त्याला राष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि त्यांचा क्रम या इस्कीवरूनच घेतला होता. म्हणजे आता 'क'ला स्वतःच्या नावाची खोली. फॉन्ट बदला, फोन बदला, देश बदला, 'क' हा 'क'च. पण नियम कागदावर येणं वेगळं आणि तुमच्या-माझ्या टेबलावर पोचणं वेगळं. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, मंगल हा फॉन्ट सोबत आला. एक्सपीतही ती होती, पण आधी सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करा आणि विंडोजची मूळ सीडी घाला. ती सीडी किती घरांत होती, हे आपण एकमेकांना विचारू नये.

तुम्ही सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर मराठीत जे सुविचार टाकता (टाकता, मला माहीत आहे), ते हैदराबादच्या मावशीला आणि अमेरिकेतल्या भाच्याला जसेच्या तसे दिसतात, ते या युनिकोडमुळे. म्हणून कुणी "जुनं तेच सोनं" म्हणायला लागलं की मी मराठीपुरता हात वर करते. आपल्या भाषेसाठी ते दिवस सोन्याचे नव्हते. ते जुगाडाचे होते.

पण त्या जुगाडात आपलं केवढं लिखाण अडकलं आहे!

माझे आजोबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये कारकून होते. निवृत्तीनंतर त्यांनी चार वह्या भरून आठवणी लिहिल्या. दुकान बंद केल्यावर रात्री बसून आत्यानं त्या टाइप केल्या, २००४-०५ मध्ये. तीन प्रती छापून शिवल्या, त्यातली आज एकही सापडत नाही. मूळ वह्या एका पावसाळ्यात माळ्यावर भिजल्या. शाई कागदभर पसरली, अक्षर लागत नाही. राहिल्या तीन सीडी. या वर्षी आत्यानं घर बदललं तेव्हा त्या सीडी एका बिस्किटांच्या डब्यात निघाल्या आणि माझ्याकडे आल्या, कारण घरात "कॉम्प्युटरवर काम करणारी" मी.

पहिली सीडी चालली. फाइल उघडली. आणि पडद्यावर आलं ते इंग्रजी अक्षरांचं जंगल. पानामागून पान. मला त्यातलं एक अक्षर कळेना. आत्या शेजारी बसली होती. तिनं चष्मा वर केला, स्क्रीनजवळ आली आणि वाचायला लागली. सरळ वाचायला लागली! "मिलचा भोंगा झाला की ही तांदूळ धुवायला घ्यायची. घड्याळ आमच्याकडे नव्हतं, आणि असतं तरी तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला नसता." माझी आजी. जिला मी फक्त फोटोत पाहिलं आहे. ती त्या आय, के, एच आणि प्रश्नचिन्हांच्या मागे बसून तांदूळ धूत होती.

आत्या आज अडुसष्ट वर्षांची आहे. त्या खोल्यांत कोण राहतं हे तिला अजून तोंडपाठ आहे. पण अशी माणसं किती, आणि किती दिवस?

तुम्हाला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम आठवत असेल. पांढऱ्या कपड्यांतला तो राजपुत्र, खालून वर येणारे भाले, आणि साठ मिनिटांची मुदत. जॉर्डन मेकनर या तरुणानं तो जवळपास एकट्यानं बनवला, १९८९ मध्ये बाजारात आला. राजपुत्राची धाव खरी वाटते, कारण ती खरीच आहे. त्यानं धाकट्या भावाला पळायला लावून चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. तर या गेमचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे मेकनरनं स्वतः लिहिलेल्या ओळी, हरवल्या होत्या. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात एक खोकं सापडलं. खोक्यात फ्लॉप्या. त्यांनी ते मुलाकडे पाठवून दिलं. बावीस-तेवीस वर्षं पडून राहिलेल्या फ्लॉपीवरची चुंबकीय नोंद शाबूत असेल याची खात्री कुणालाच नसते, म्हणून मेकनरनं ती घाईनं कुठल्याही यंत्रात सारली नाही. इंटरनेट आर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि जुन्या अॅपल संगणकांचे जाणकार टोनी डियाझ जुनी यंत्रं घेऊन आले, आणि त्यांनी फ्लॉप्यांमधून तो प्रोग्रॅम सुखरूप बाहेर काढला. आज तो कुणालाही वाचता येतो.

मला या गोष्टीत मेकनरपेक्षा त्याचे वडील जास्त आवडतात. त्यांनी खोकं टाकलं नाही, एवढंच. पण खोकं, यंत्र आणि यंत्र जाणणारा माणूस, या तिघांची गाठ पडली म्हणून ते जमलं. तीनपैकी एक जरी नसता तर वडिलांनी जपलेलं ते प्लास्टिकच राहिलं असतं. पुस्तक जुनं झालं तरी उघडतं. फाइलला उघडणारा लागतो.

आमच्या फाइलींचं पुढे काय झालं ते सांगते, कारण तुमच्याही माळ्यावर असा डबा असण्याची शक्यता मोठी आहे. लग्नपत्रिकेचा मजकूर, वडिलांचा पीएच.डी.चा प्रबंध, मंडळाची पंचवीस वर्षांची स्मरणिका, आईच्या कविता. १९९० ते २०१० मधलं जे काही मराठीत टाइप झालं असेल, त्यातलं बरंच अशाच खोल्यांत अडकलेलं आहे.

पहिली गोष्ट, फॉन्ट. सीडीवर आत्यानं फॉन्टची फाइलही ठेवली होती. ती नव्या लॅपटॉपवर बसवली, मजकूर निवडून तो फॉन्ट दिला, आणि जंगलाची मराठी झाली. दोन मिनिटांचं काम. त्यामुळे जुन्या संगणकावरून काहीही उचलताना नुसता मजकूर उचलू नका, फॉन्टही उचला. तो नसेल तर फाइल म्हणजे किल्ली हरवलेलं कपाट. आत्याच्या काही फाइली पेजमेकरच्या होत्या आणि पेजमेकरची नवी आवृत्ती २००१ नंतर निघालेलीच नाही. त्या लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. मांडणी थोडी विसकटली, मजकूर आला.

दुसरं, लगेच पीडीएफ करून ठेवली. पण पीडीएफवर समाधान मानू नका. दिसायला ती मराठी दिसते, आतून अजून व्ही, के, बी, झेडच असते. तिच्यात 'आई' शोधायला गेलात तर आई सापडत नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यासाठी कन्व्हर्टर आहेत, फुकट मिळतात, पण कृतिदेवचा वेगळा, श्रीलिपीचा वेगळा. कोणता फॉन्ट होता हे आधी नक्की माहीत हवं.

आणि कन्व्हर्टरला वाटतं तितकं सोपं काम नसतं. टाइपरायटरच्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, आपण उच्चारतो तशी. रफाराचं उलट. 'कर्म' लिहिताना आत्या क, म आणि मग रफार असं मारायची. युनिकोडला क, र्, म असा क्रम हवा. म्हणजे नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांच्या जागाही बदलाव्या लागतात, आणि जोडाक्षरं आली की कन्व्हर्टर धडपडतो. आमच्या मजकुरात 'खोऱ्यात'चं सगळीकडे 'खोर्यात' झालं होतं. तेही एक वेळ ठीक, डोळ्याला खटकतं आणि दुरुस्त होतं. भीती असते ती नावांची. चुकलेला शब्द अंदाजानं सुधारता येतो, चुकलेलं आडनाव नाही.

म्हणून आता रोज रात्री नऊला आमचा व्हिडिओ कॉल असतो. मी युनिकोडमधला मजकूर वाचते, आत्या जुनी फाइल समोर ठेवून ऐकते आणि मध्येच थांबवते. "थांब, ते 'मोघे' नव्हे, 'मोहे'. मिलमध्ये रंगखात्यात होते. दादा त्यांना घाबरायचे." हे शेवटचं वाक्य कुठल्याच फाइलीत नाही. मी ते समासात लिहून ठेवते. चाळीस पानं झाली आहेत, पन्नासेक बाकी असतील. झालेला भाग मी साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवते, कारण तिला कुठल्याही कंपनीचं सॉफ्टवेअर लागत नाही. एक प्रत माझ्याकडे, एक आत्याच्या पेनड्राइव्हवर, एक भावाकडे. आणि दर दहा पानांनी कागदावर प्रिंट. हसू नका, कागदाला चार्जिंग लागत नाही.

दुसरी सीडी खरखर करत का होईना चालली. तिसरी कुठल्याच ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही. पाठीमागचा चकचकीत थर कडेनं उडाला आहे. तिच्यावर चौथी वही होती. मिल बंद पडली तो काळ.

पण आत्याच्या दुकानातला जुना संगणक भंगारात गेलेला नाही, असं परवा कळलं. ज्यांनी दुकान घेतलं त्यांच्या टेबलाखाली त्याचा डबा अजून आहे, त्यावर पाय ठेवून ते बसतात. "हार्ड डिस्क आत असेल तर घेऊन जा, आम्हाला काय करायची," असं म्हणाले. ती जुन्या पद्धतीची डिस्क लॅपटॉपला जोडायची केबल मी मागवली आहे, शुक्रवारपर्यंत येईल. शनिवारच्या रात्रीच्या बसचं तिकीट काढलं आहे. आत्याला स्क्रूड्रायव्हर शोधून ठेवायला सांगितलं, तर ती म्हणाली, "तो काय, दुकानात पहिल्या खणात असायचा. त्यांनी हलवला नसेल तर तिथेच असेल."